घर विकताना मध्यस्थ

‘दलाल’ हा शब्द आपल्या घरांतून क्वचितच चांगल्या अर्थाने उच्चारला जातो. वास्तविक वसईच्या शेतकऱ्याला दलाल नवा नाही. केळी, भाजी, फुले घेऊन दादरच्या बाजारी जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांचा रोजचा व्यवहार आडत्याशीच होता. आडत्याविषयी तक्रारी पुष्कळ असत. पण माल विकला गेला की त्याच्याकडून पट्टी मिळे. किती माल, काय भाव, आडत किती कापली, हे त्या चिठोऱ्यावर लिहिलेले असे. आमचे बाबा या पट्ट्या पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवीत आणि वर्षअखेरीस ताळा करीत. वीस रुपयांच्या भाजीला पट्टी मागणारा हाच समाज लाखो रुपयांचे घर विकताना मात्र मध्यस्थाकडून एक ओळही लिहून घेत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती आईच्या पश्चात गावातील घर विकण्याचा प्रसंग आला तेव्हा.

आम्ही चार भावंडे. थोरली ताई जवळच्याच गावात दिलेली, दोघे भाऊ वसई रोडला फ्लॅटमध्ये, आणि धाकटी बहीण कॅनडात स्थायिक. आईने मृत्युपत्र केले नव्हते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलगा-मुलगी असा भेद नाही, त्यामुळे चौघांचा हिस्सा समान होता व त्याविषयी वादही नव्हता. जागा बिनशेती झालेली, घरपट्टी भरलेली, वारसांच्या नोंदी झालेल्या. घर बंद राहून कौले सरकू लागली होती. विकावे की न विकावे, यावर आम्ही पुष्कळ दिवस खर्च केले. तो भाग येथे सांगत नाही. ज्यांनी घर विकले आहे त्यांना तो ठाऊक आहे, इतरांना सांगून उपयोग नाही. निर्णय झाल्यावर खरा पेच उभा राहिला तो हा, की घर कोणाच्या हातून विकावे?

पहिले मत साहजिकच असे पडले की मध्यस्थ नकोच. गावात सारे ओळखीचे, घर सर्वांच्या पाहण्यातले. दोन टक्के कोणाला कशासाठी द्यावेत? दोन महिने आम्ही तसा प्रयत्न केला. माणसेही आली. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात विचारणा होऊ लागली. परंतु जे येत ते गिऱ्हाईक म्हणून येत नसत, नातलग किंवा शेजारी म्हणून येत. कोणी आईच्या आजारपणात डबा पोहोचवलेला, कोणी बाबांची शवपेटी खांद्यावर वाहिलेली. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून ‘नाही’ म्हणणे आम्हाला जमेना, आणि ‘हो’ म्हणणे परवडेना. शेजारच्या एका गृहस्थांनी आकडा सांगितला आणि आम्ही नुसते गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचाही त्यांना राग आला. भाव पाडून मागणे हा व्यवहार आहे. पण तो ओसरीवर बसून, चहा घेत, आईच्या आठवणी काढीत होऊ लागला की त्याला दुसरेच रूप येते. ज्यांच्याशी आपली उठबस मयताला आणि लग्नाला आयुष्यभर राहणार आहे, त्यांना तोंडावर नकार देण्यासाठी मधे तिसरा माणूस असणे बरे, असे आम्हाला वाटू लागले ते त्या दोन महिन्यांनंतर.

आता तिसरा माणूस कोण? आमच्याच नात्यातील एक गृहस्थ जागांचे व्यवहार करतात. त्यांनी आपण होऊन सांगितले, ‘काळजी सोडा, मी आहे ना.’ त्यांनी सांगितलेली किंमत सर्वांत मोठी होती. मात्र टक्केवारीचा प्रश्न ते हसून उडवून देत, आणि दोन गोष्टी मागत. एक म्हणजे कॅनडाच्या बहिणीसकट आम्हा चौघांचे मुखत्यारपत्र त्यांच्या नावे, म्हणजे ‘तुम्हाला हेलपाटे नकोत’. आणि दुसरी, विसार म्हणून एक लहान रक्कम घेऊन त्यांच्या नावे साठेखत. असे साठेखत झाले की पुढे खरेदीदार त्यांनी शोधावा, आपल्या भावाने विकावे आणि मधला फरक स्वतःकडे ठेवावा, ही चाल आपल्या पट्ट्यात जुनी आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मालकाची संमती घेतल्याविना व सारी महत्त्वाची माहिती त्याच्यापुढे ठेवल्याविना प्रतिनिधीने स्वतःच्या लाभासाठी त्या व्यवहारात उतरू नये. उतरला तर मालक व्यवहार नाकारू शकतो किंवा तो लाभ मागू शकतो. परंतु आपणच सही करून संमती दिली असेल तर कायदा काय करणार? आम्ही त्यांना म्हटले, मुखत्यारपत्र नको. आपल्या अटी एका कागदावर लिहू. त्यांनी कागद पाहिलाच नाही. ‘रक्ताच्या माणसाकडून कागद मागता?’ एवढे बोलून ते उठले.

ते गेल्यावर ताई बराच वेळ रडली. तिच्या दृष्टीने प्रश्न निराळा होता. तिच्या यजमानांचे डायलिसिस सुरू होते. तिला पैसे हवे होते ते लवकर. मोठ्या भावाचे मत, आणखी सहा महिने थांबावे. दोघांचेही बरोबर होते, आणि मध्यस्थ कसा नेमावा हे ठरवण्याआधी हे भांडण मिटवणे अगत्याचे होते. कारण मध्यस्थाचे हित स्वभावतःच घाईच्या बाजूला असते. साधा हिशेब पाहा. घर ऐंशी लाखांना गेले तर दोन टक्क्यांनी त्याला एक लाख साठ हजार मिळतात. दोन महिने थांबून चौऱ्याऐंशी लाख मिळवले तर आपल्याला चार लाख अधिक, आणि त्याला केवळ आठ हजार. आठ हजारांसाठी तो दोन महिने पायपीट का करील? यात त्याची लबाडी असेलच असे नाही. मोबदल्याची रचनाच तशी आहे. स्टीव्हन लेविट आणि चाड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस अधिक ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात. दुसऱ्याच्या घरासाठी तेवढा धीर त्यांना नसतो. शिकागो कुठे आणि वसई कुठे. पण माणसाचा स्वभाव फारसा वेगळा नसावा.

आम्ही तिघांनी आपापल्या बचतीतून ताईला काही रक्कम आधी दिली, ती विक्रीनंतर हिशेबात वळती करावयाची असे लिहून ठेवले, आणि मग घाई संपली. मध्यस्थाकडे जाण्यापूर्वी केलेल्या कामांत हेच सर्वांत मोलाचे काम होते, असे आम्ही आजही मानतो. ज्याला उद्याच पैसे हवेत त्याने कितीही चांगला मध्यस्थ नेमला तरी पडेल त्या भावालाच हो म्हणावे लागते.

दुसरे काम म्हणजे किंमत स्वतंत्रपणे जाणून घेणे. आम्ही एका नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून मूल्यांकन करून घेतले. त्यांची फी ठरलेली. घर विकले जावो वा न जावो, त्यांना फरक पडत नाही, म्हणून त्यांच्या आकड्यावर आमचा विश्वास अधिक. २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेचे १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य भांडवली नफ्याच्या हिशेबाला लागते, तेही त्याच वेळी काढून घेतले. शिवाय नोंदणी विभागाकडून आसपासच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन मिळवता येते. शेजारचे घर दस्तावर किती रकमेला गेले ते तिच्यात दिसते. दस्तातली रक्कम नेहमीच खरी असते असे नाही, पण ओसरीवरच्या गप्पांपेक्षा ती बरी.

मग आम्ही तीन मध्यस्थांना भेटलो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री करणाऱ्या एजंटांना महारेराकडे नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. आमच्यासारख्या जुन्या घराच्या विक्रीला तो कायदा लागू होत नाही. तरीही नोंदणी असलेला माणूस काही एक शिस्त पाळणारा असतो, इतपत अर्थ आम्ही त्यातून घेतला. पहिल्याने मूल्यांकनापेक्षा वीस लाख अधिक सांगितले. मोठा आकडा सांगून घर हाती घ्यावयाचे आणि महिन्याभराने ‘बाजार पडला’ म्हणून मालकाला खाली आणावयाचे, हा त्या धंद्यातला जुना रिवाज. दुसऱ्याने प्रश्नांची उत्तरे देण्याऐवजी फोनवर बोलणे पसंत केले. तिसऱ्या नालासोपाऱ्याच्या एक बाई. त्यांनी सर्वांत कमी किंमत सांगितली, त्या वर्षी केलेले व्यवहार दाखवले, आणि विचारले, ‘कॅनडाच्या ताईंच्या कराचे काय करणार?’ अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने नेहमीच्या एक टक्क्याऐवजी पुष्कळ अधिक दराने करकपात करावयाची असते, आणि कमी कपातीसाठी आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र घेता येते. हे तिघांपैकी एकट्या त्यांना ठाऊक होते. आम्ही त्यांना नेमले.

दरासाठी आम्ही घासाघीस केली नाही. दोन टक्के मान्य केले. पण त्या बदल्यात काय, ते लिहून घेतले. मेहनताना केवळ आमच्याकडून, खरेदीदाराकडून काहीही नाही. कारण दोन्हीकडून घेणारा नेमका कोणाचा, हे त्यालाही सांगता येत नाही. मुदत तीन महिने. आलेला प्रत्येक प्रस्ताव, लहान असो वा मोठा, लेखी कळवावयाचा. विसार त्यांच्या हाती नाही, थेट आमच्या बँकखात्यांत. आणि मेहनताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदले जाईल त्या दिवशी, त्याआधी नाही. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत प्रतिनिधीचे पैसे देय होत नाहीत, असे करार कायद्याचे कलम २१९ सांगतेच. बाईंनी कागद दोनदा वाचला, एक शब्द बदलून मागितला आणि सही केली.

एका गोष्टीवर मात्र त्यांनीच आम्हाला छेडले. ‘गिऱ्हाईक तुमच्याच लोकांतले हवे का?’ गावातही पुष्कळांनी तसे सुचवले होते, की घर आपल्या माणसांतच जावे. ही भावना आम्ही हसण्यावारी नेत नाही. गावचे गावपण टिकावे असे आम्हालाही वाटते. पण असा आग्रह धरणाऱ्यांपैकी योग्य किंमत घेऊन कोणी पुढे आले नव्हते. आणि मुंबईत आपल्याच मुलांना जेवणाखाणावरून, आडनावावरून घर नाकारले जाते तेव्हा आपण संतापतो, तीच अट आपण कोणत्या तोंडाने घालावी? आम्ही अट घातली नाही. एवढेच सांगितले की राहावयास येणारे कुटुंब असेल तर आनंद वाटेल. बाई म्हणाल्या, ‘सांगते. पण विकल्यावर घर त्यांचे.’

प्रस्ताव आले ते नोंदण्यासारखे आहेत. रागावलेल्या शेजारी गृहस्थांनी बाईंमार्फत निरोप धाडला, आणि आमच्या तोंडावर सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो सहा लाखांनी मोठा होता. एका व्यापाऱ्याची किंमत सर्वांत अधिक, परंतु तिसरा हिस्सा रोखीने. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. मनाई नसती तरी पोत्यातले पैसे चौघांत वाटून घेण्याची कल्पना आम्हाला रुचली नसती; पण हेही खरे की त्या रात्री ताईने तो आकडा दोनदा विचारला होता. अखेर ज्यांना घर दिले ते शिक्षक दांपत्य. त्यांच्या कर्जमंजुरीला सात आठवडे लागले, करारही एक महिना वाढवावा लागला. किंमत मूल्यांकनापेक्षा थोडी वर, व्यापाऱ्याच्या आकड्याहून बरीच खाली. नोंदणीच्या दिवशी चौघांच्या खात्यांतून मेहनताना दिला, बाईंनी पावती दिली. कॅनडाच्या बहिणीचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन भावाच्या नावे आले होते. तिचा हिस्सा तिला पोहोचला.

आमच्या त्या नातलगांनी मात्र वर्षभर बोलणे टाकले. गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न झाले. आमंत्रण आले, इथे असलेले आम्ही तिघे सहकुटुंब गेलो. त्यांनी स्वतः पंगतीत फिरून आम्हाला वाढले, ताईच्या यजमानांच्या पथ्याचीही चौकशी केली. घराचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.