वाड्यातली जाग

जुन्या वाड्याला भुताची आख्यायिका चिकटावयास फारसे काही लागत नाही. माणसे उणावली, माडीवरची एखादी खोली कायमची बंद झाली आणि बिजागरी कुरकुरू लागली, की उरलेले काम गल्लीतील मुले करतात. बऱ्हाणपुरास तर अशा वाड्यांची वाण नाही. तापीकाठचे हे शहर फारुकी सुलतानांनी वसवले, मोगलांनी नांदवले, पुढे मराठ्यांच्या अंमलाखाली आले. इतक्या राजवटी पाहिलेल्या गावातला अंधारही जुना वाटतो.

माझ्या आत्याचा वाडा अशांपैकीच एक. ती अंथरुणास खिळली तेव्हा मुले परदेशी होती. तिच्या शुश्रूषेसाठी रावेरकडची एक विधवा बाई वाड्यात येऊन राहिली. मी काही दिवस तेथे होते. रात्री माडीवर कोणी पाऊल टाकल्यासारखा आवाज होई आणि माझी झोप उडे. बाई मात्र समईच्या उजेडात शांतपणे बसलेली असे. दिवसभर तापलेल्या सागवानी तुळया रात्री आकसतात, हे कारण तिला ठाऊक नसेल. पण कोणती तुळई कोणत्या प्रहरी वाजते, हे ती अचूक सांगे.

“तुम्हांला भय नाही वाटत?” मी एकदा विचारले.

“आजींचा श्वास ऐकू येतो ना, ताई, तोवर बाकीचं ऐकायला सवड कुठली?”

ती सवड तिला खरोखरच नव्हती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावयाची, ओठ कोरडे पडले तर चमच्याने पाणी द्यावयाचे, औषधाची वेळ चुकू द्यावयाची नाही. जो वाडा मला भयाण वाटे, तो तिच्या लेखी खाटेपासून मोरीपर्यंत मोजलेल्या पावलांएवढाच होता.

वाड्यापासून शाही किल्ला दूर नाही. तेथे गेले, की मला सत्तीउन्निसा आठवे. जहांगीराचा राजकवी तालिब आमुली याची ही बहीण. पतीच्या निधनानंतर ती मुमताज महलच्या सेवेत आली. तिला वैद्यक अवगत होते. शहजादी जहानआराला तिनेच शिकवले. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज बऱ्हाणपुरास वारली. तापीपलीकडे आहूखान्यात तिला तात्पुरते पुरले आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेला. त्या प्रवासात शहजादा शुजाबरोबर सत्तीउन्निसाही होती. मालकीण गेली तरी तिचा आसरा गेला नाही. ती शाही परिवारातच राहिली. १६४७ साली ती लाहोरास वारली, तेव्हा शाहजहानने तिचाही देह पुढे आग्र्यास आणवून ताजमहालाजवळ दफन करविला.

परंतु हे भाग्य विरळाच. आमच्या बाईजवळ एक पत्र्याची पेटी होती. आत्या गेली त्या दिवशी तिचे वेतन थांबले आणि छप्परही थांबले. तेराव्यापर्यंत पाहुण्यांची जेवणे तिनेच रांधली. वाडा विकावा की भाड्याने द्यावा, यावर ओसरीवर पुष्कळ वाद झाला. चौदाव्या दिवशी एका महिन्याचा पगार आणि एक लुगडे घेऊन ती रावेरच्या मोटारीत बसली. तेथे भावाचे घर होते. भावजय ठेवून घेईल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

गोव्याकडच्या थोरल्या घरांतूनही आज हेच चित्र दिसते: मुले परमुलखात, बलकांवात एकटे वृद्ध आणि आत दूरगावची कोणी बाई. तिला ठेवताना पगार ठरतो, जेवण ठरते, क्वचित सुट्टीही ठरते. मात्र ज्या माणसासाठी ती जागते ते गेल्यावर तिने कोठे जावे, हा विषय अशुभ म्हणून कोणी काढीत नाही. मरणाचा उच्चार टाळल्याने मरण टळत नाही. एका बाईचे घर तेवढे अनिश्चित राहते. पहिल्याच दिवशी, रुग्णाच्या देखत नको तर ओसरीवर बसून, ‘त्यानंतर तीन महिने तुमची राहण्याची सोय आणि पगार आमच्याकडे’ एवढे कागदावर लिहून द्यावे. वाड्याच्या वाटणीचे कागद करणाऱ्यांना हा एक कागद जड जाऊ नये.