पाव फेरा

उतारवयात माणसाला कशाचे वेड लागेल याचा काही नेम नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मामलेदार वडापिंपळांना कुंडीत बुटके करून ठेवण्याच्या नादी लागले आहेत. दुसरे एक गृहस्थ सत्तरीत उर्दू शिकत आहेत, आणि जिन्यात भेटेल त्याला ‘आदाब’ करून घाबरवीत आहेत. मी मात्र 2024 च्या नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा सगळा काळ हातात एक बारीक षट्कोनी पाना घेऊन विजेवरच्या गिटारीची शुश्रूषा करण्यात घालविला.

मला गिटार वाजवता येत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पण 1954 साली ज्यांच्या कारखान्याने ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची गिटार बाजारात आणली, आणि जिच्या नकला पुढे जगभर झाल्या, त्या लिओ फेंडर यांनाही गिटार वाजवता येत नव्हती. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ! हे वाचल्यापासून माझी छाती दोन बोटे फुगली आहे. आमच्या घरातली गिटार ही त्याच स्ट्रॅटोकास्टरची एक गरीब, बेनामी नक्कल.

ती आमच्या चिरंजीवांची. शिष्यवृत्तीचे आणि सुटीत घरोघर पेपर टाकून मिळवलेले पैसे साठवून त्याने ती 1997 साली कोणाकडून तरी जुनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर एक ॲम्प्लिफायर. कारण अशी गिटार ॲम्प्लिफायरवाचून मुकीच. पुढे बारावीचे वर्ष आले. बारावी म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको. टीव्हीवर चादर पडली, पाहुण्यांना मज्जाव झाला, आणि एका रविवारी तो क्लासला गेलेला असताना मी तो ॲम्प्लिफायर जुन्या बाजारात नेऊन विकून आलो. ‘परीक्षा झाली की नवा घेऊन देईन,’ असे मी त्याला सांगितले. परीक्षा झाली. मार्कही उत्तम पडले. मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग बंगळूर. त्याने पुन्हा कधी विचारले नाही, आणि तो विचारीत नाही म्हणून मीही विषय काढला नाही. न विचारणाऱ्या मुलांचे आईबाप मोठे सुखी, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे.

त्या सप्टेंबरात नातीचा फोन आला. ती आता बारा वर्षांची आहे आणि गिटार शिकते. “आजोबा, बाबांची गिटार अजून आहे का हो?” मी म्हटले, “आहे तर!” आणि फोन ठेवून माळ्यावर चढलो.

चढलो खरा, पण खाली आणलेल्या वस्तूला गिटार म्हणावे की नाही, असा प्रश्न पडला. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या. पाव शतकभर पुण्याचा पावसाळा पिऊन मान धनुष्यासारखी वाकली होती. आवाजाचे बटण फिरवले की कढईत पाण्याचा थेंब पडल्यासारखे तडतडे. (एक जुना, लहानसा ॲम्प्लिफायर मी या कामासाठी विकत घेतला होता. तो दुकानातून घरी आणताना मान वर करून चालवेना, ते वेगळेच.) आणि वाजवो न वाजवो, एक अखंड ‘घूं’ चालू असे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिचाच तो सूर.

नव्या तारा चढविण्याआधी मी या यंत्राचे शास्त्र समजावून घेतले. सतारीला भोपळा असतो, तंबोऱ्याला भोपळा असतो. हिच्या पोटात काहीच नाही. भरीव लाकडाचा ठोकळा! तारांच्या खाली चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला म्हणतात पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत इवलीशी वीज उत्पन्न होते. फॅरडेसाहेबांनी 1831 साली शोधून काढलेले तत्त्व. पण त्यातून सूर काढायला जगाला शंभर वर्षे लागली. 1930 नंतर अमेरिकेत जी पहिली यशस्वी विजेची गिटार निघाली तिला तिच्या आकारावरून लोक ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “मग माळ्यावर कशाला ठेवली होती? भांड्यांत ठेवायची!”

पहिले काम मानेचे. मानेच्या लाकडात एक लोखंडी सळई असते. सहा तारांचा मिळून चाळीस किलोंच्या आसपास ताण मान पुढे ओढतो, आणि ही सळई तिला मागे धरते. पाना तिच्या टोकाला लावून आवळायचे. पण एका वेळी पाव फेरा, अधिक नाही. मग तार पुन्हा सुरात लावून वाट पाहायची. घाई केली तर सळई तुटते आणि गिटार जळणात जाते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली की मधल्या, सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाव मिलिमीटरभर फट दिसावी. ही फट मी माझ्या जुन्या स्कूटरच्या प्लगसाठी घेतलेल्या पात्यांच्या पट्टीने मोजली. स्कूटर जाऊन कितीतरी वर्षे झाली. पट्टी जपून ठेवल्याबद्दल घरात माझी जी चेष्टा होत असे तिचे उट्टे त्या दिवशी निघाले. तरी मान सरळ व्हायला पाच दिवस लागले. रोज सकाळी चहा, पाव फेरा, आणि मग वर्तमानपत्र.

मग सुरांचे काम. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडली तर जो सूर निघतो, तोच ती दाबून छेडल्यावर निघाला पाहिजे. दाबलेला सूर चढा लागला तर घोडीवरची तिची बैठक मागे सरकवून तार लांब करायची, उतरला तर पुढे घ्यायची. सतारीचे पडदे हलविता येतात. इथे पडदे जागेवर ठोकलेले, म्हणून तारेचीच लांबी बदलायची. तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीच्या खाचा नातीच्या जुन्या पेन्सिलीच्या टोकाने घासल्या. शिशामुळे तार खाचेत अडकत नाही आणि सुरातून ढळत नाही. बटणांची तडतड फवाऱ्याने धुतली गेली. तपकीर गल्लीतून तांब्याची चिकटपट्टी आणून आतली सगळी पोकळी मढविली, आणि ती आवरणाच्या तारेला डाख देऊन जोडली. ‘घूं’ निम्म्यावर आले. पुरते जाणे नव्हते. एकेरी वेढ्यांच्या पिकअपचा तो धर्मच. तो घालविण्यासाठी दोन पिकअप उलटसुलट जोडण्याची युक्ती सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअराने 1955 साली काढली. एका दुकानातल्या तरुणाने मला तसले पिकअप बसवायचा आग्रह केला. किंमत ऐकून मी रिक्षा न करता पायी घरी आलो.

इतके सगळे होऊनही एक दोष जाईना. जाड तार वरच्या पडद्यांवर दाबली, की तिच्यातून एक सोडून दोन आवाज येत. ते एकमेकांशी भांडत, हेलकावत, आणि सूर अकाली विझून जाई. मी पुन्हा पाना घेतला, मान तपासली, घोडी तपासली. तार कुठे लागत नव्हती. अखेर हताश होऊन मी ती महागडी पिकअप घेण्याचा बेत बोलून दाखविला.

सौभाग्यवती गातात. त्यांचा तंबोरा मिरजेचा, माहेरून आलेला. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 सालीच भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्या घरात ते लग्न झाल्या दिवसापासून आहे. जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवीत तार ‘बोलते’ केव्हा, हे ऐकत बसणारी ही बाई गिटारीला इतके दिवस ‘तुमचं ते’ म्हणत आली होती. त्या दिवशी फराळाची भाजणी चाळता चाळता त्यांनी चाळणी खाली ठेवली.

“अहो, ती तार पुन्हा छेडा.”

मी छेडली.

“या तारेला खालून कोणीतरी धरलंय.”

“कुठे लागत नाही ती. मोजलंय मी.”

“लागत नाही म्हणत नाही मी. धरलंय म्हणते. मोकळी हलू देत नाही कोणी तिला.”

मी चष्मा लावून खाली पाहिले. तार शेवटच्या पडद्यावर दाबली तर तिच्या आणि पिकअपच्या चुंबकांमध्ये एक मिलिमीटरसुद्धा अंतर उरत नव्हते! पिकअप जवळ असले की आवाज मोठा येतो हे मला ठाऊक होते. पण फार जवळ असले तर चुंबक पोलादी तारेला आपल्याकडे ओढू लागतो, तिचा झोका बिघडवितो, आणि सूर दुभंगून मरतो, हे ध्यानातच आले नव्हते. दोन्ही बाजूंचे स्क्रू मी पाव-पाव फेऱ्याने सैल करीत गेलो. पिकअप जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर खाली गेले. आवाज किंचित लहान झाला. तो ॲम्प्लिफायरवर वाढविता येतो. पण सूर एकटा, स्वच्छ उभा राहिला, आणि सौभाग्यवतींची भाजणी चाळून होईपर्यंत तसाच रेंगाळत राहिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

दिवाळीला मंडळी आली. नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर मी गिटार आणून नातीपुढे ठेवली. तिच्याआधी चिरंजीवांनीच ती उचलली. बराच वेळ नुसती मांडीवर घेऊन बसला. मग सहाही तारांवरून एकदा हात फिरविला, जाड तार वरच्या पडद्यावर दाबून पाहिली, आणि गिटार उताणी करून स्क्रू न्याहाळले.

“पिकअप खाली कोणी घेतले?”

“तुझ्या आईने,” मी म्हटले. “वर कसे काय आले होते कोण जाणे. मुळातच चुकीचे बसविलेले असावेत.”

“नाही हो बाबा. मीच वर घेतले होते.” तो चकली मोडीत सहज म्हणाला, “बारावीच्या वर्षी. तुमच्या टेपरेकॉर्डरला माइकचं भोक होतं ना, त्यात वायर घालून वाजवायचो रात्री. तुम्ही निजल्यावर. त्यावर आवाज फार बारीक यायचा. म्हणून पिकअप अगदी तारांना भिडवले होते.”

सौभाग्यवती ताट घेऊन आत गेल्या. मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

“या ॲम्प्लिफायरवर नाही लागायचं तसं,” मी म्हटले.

“नाही,” तो म्हणाला, “यावर नाही.”

मग त्याने गिटार लेकीच्या हाती दिली, तिची बोटे पडद्यांवर नीट बसविली, आणि वाकून ॲम्प्लिफायरचे बटण हाती धरले. माझ्याकडे एकदा पाहिले. मी काही बोललो नाही. त्याने ते बटण, पाव फेरा नव्हे, चांगले अर्ध्याहून पुढे नेले. समोरच्या वाड्यातले उर्दूवाले गृहस्थ खिडकीत येऊन उभे राहिले.