नोकरीची वही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा गणपती पेठेतील आमचे दुकान आणि मागचे गोदाम दोन्ही पाण्याखाली होते. भिजलेल्या हळदीला भाव नसतो. कर्ज काढून दुकान पुन्हा उभे केले, तो २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. दोघे बंधू बसलो, हिशेब मांडला. थोरल्या बंधूंनी दुकान राखले. मी माझा वाटा मोकळा करून घेतला. देणी फेडल्यावर हाती उरले ते सुमारे दहा महिन्यांच्या घरखर्चाइतके. माझे वय तेव्हा ४९ होते.

नोकरी करावयाची, असे मी मनाशी ठरवले. मात्र हा शब्द घरात उच्चारणे अवघड होते. आमच्याकडे तीन पिढ्यांत कोणी पगार घेतला नव्हता, दिला होता. थोरले बंधू एवढेच म्हणाले, "करायची तर कर, पण गावात बोभाटा नको." मलाही ते पटले. मंदिरात, लग्नकार्यात कोणी विचारले की मी सांगत असे, "सध्या जरा विश्रांती घेतोय." चांगला धडधाकट मनुष्य पन्नाशीत कसली विश्रांती घेतो, हे विचारणाऱ्यालाही कळत असणार. तोही सौजन्याने विषय बदलत असे.

पहिले चार महिने मी नोकरी शोधली नाही, केवळ अर्ज पाठवले. रात्री जेवणे आटोपली की संगणकासमोर बसावयाचे आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर दिसेल त्या जागेसाठी तोच एक कागद धाडावयाचा. साठाहून अधिक अर्ज गेले. उत्तरे दोन आली. एक नकाराचे होते. दुसऱ्या उत्तरात नेमणूक निश्चित झाल्याचे अभिनंदन होते, आणि नोंदणी शुल्क म्हणून अडीच हजार रुपये त्वरित भरण्याची सूचना होती. माल पाहिल्यावाचून बयाणा न देणारा मी. तरीही त्या रात्री माझा अंगठा मोबाईलवर रक्कम लिहिण्यापर्यंत गेला होता. गरज मनुष्याचे शहाणपण किती लवकर काढून घेते, हे मला त्या दिवशी कळले. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नाही, एवढे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. तिने माझा तो कागद मागून घेतला, वाचला, आणि तिला हसू आवरेना. "बाबा, हा अर्ज आहे की परिचय मेळाव्याचं माहितीपत्रक?" तिचे खरे होते. जन्मतारीख, वडिलांचे संपूर्ण नाव, उंची, मूळ गाव, सारे काही त्यात होते; कामाविषयी मात्र एकच शब्द होता, 'मालक'. तिने समजावून सांगितले की अनेक मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आरंभी माणूस वाचतच नाही. संगणकाची प्रणाली ते चाळते आणि जाहिरातीतील कामाचे शब्द त्यात आहेत की नाहीत, ते पाहते. 'मालक' या शब्दाची जाहिरात कोण देणार?

मग तिने मला समोर बसवले आणि एखाद्या वकिलासारखे प्रश्न विचारावयास आरंभ केला. सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत होता? सौद्यात हळद पाहत होतो. कशी? हळकुंड मोडून. चांगले वाळलेले असेल तर मोडताना टणक, धातूसारखा आवाज येतो. राजापुरी कोणती, सेलम कोणती, ओल किती, रंग आतून आहे की वरून चढवला आहे, हे पाहत होतो. आणि महिन्याच्या वीस तारखेला? जीएसटीचे विवरणपत्र भरत होतो. माल बाहेर जाताना? ई-वे बिल, गाडी, भाडे, पोहोच. वसुली? शंभराच्या आसपास खाती. ती लिहीत गेली. दोन तासांनी तिने कागद माझ्यापुढे सरकवला, तेव्हा तीस वर्षांत मी काय केले, ते मी प्रथमच वाचले. त्यात कोठे 'मालक' नव्हते. होती ती कच्च्या मालाची पारख, खरेदी, साठवण, करपालन, वाहतूक आणि उधारीचे नियंत्रण.

आपल्याकडे नेहमी म्हणतात की मुनीमजींचे काम आता यंत्राने गिळले. रोजकीर्द उतरवण्याचे काम गिळले, हे मान्य. परंतु २०१७ ला जीएसटी आला, पुढच्याच वर्षी ई-वे बिल आले, आणि मसाल्याच्या कंपन्या मालाचा प्रत्येक पोत्यागणिक माग ठेवू लागल्या. या साऱ्यामुळे माल आणि कागद दोन्ही कळणाऱ्या माणसाची गरज वाढलीच आहे. ती जागा मात्र 'मुनीम पाहिजे' या नावाने जाहीर होत नाही.

मुलगी परत गेल्यावर मी एक लाल कापडी वही काढली, आमच्या उधारीच्या वहीसारखीच. डाव्या बाजूला कंपनी, तारीख आणि कोणाशी बोललो ते; उजव्या बाजूला काय ठरले आणि पुन्हा कधी विचारावयाचे ते. मुदत टळली की फोन. घेणेकऱ्याला तगादा लावताना मला कधी संकोच वाटला नव्हता, येथे वाटत असे. पण वहीत तारीख उभी असल्यामुळे फोन करावाच लागे. आठवड्यातील दोन दिवस कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत प्रत्यक्ष जाण्याचे. रोज सकाळी दीड तास एक्सेल आणि अन्नसुरक्षेचे नियम शिकण्याचा. अर्ज आठवड्याला चारच. प्रत्येक अर्ज त्या जागेची जाहिरात समोर ठेवून नव्याने लिहिलेला. वहीच्या शेवटच्या पानावर शिल्लक महिने: सहा.

पहिले पान मात्र कोरे होते. तेथे पन्नास ओळखीच्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकाला आपण काम शोधत आहोत असे स्पष्ट सांगावे, ही मुलीची अट होती. मी टाळत होतो. तेव्हा तिने फोनवर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा अभ्यास सांगितला. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले होते की नोकरीची बातमी कोणाकडून मिळाली. १९७३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या शंभरांतील जेमतेम सतरा जणांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. उरलेल्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण साधे आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. आमच्या पेठेतील माणूस मला पेठेचीच बातमी सांगणार.

तरीही तीन दिवस मी लेखणी उचलली नाही. चौथ्या दिवशी पहिले नाव लिहिले ते एका वाहतूकदाराचे. आमचा माल ते वर्षातून चार-सहा वेळा नेत. आमच्या घरी ते कधी आले नव्हते, मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. फोन लावला आणि एका दमात सांगून टाकले, "दुकानातून बाहेर पडलो आहे. नोकरी शोधतो आहे." पलीकडे क्षणभर शांतता. माझे कान तापले. मग ते म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का? महिन्यापूर्वीच एक मसालेवाले विचारत होते, हळद कळणारा माणूस आहे का म्हणून." ती जागा भरली गेली होती. परंतु त्यांनीच आणखी दोन ठिकाणे सांगितली, आणि मग पन्नास नावे भरावयास मला वेळ लागला नाही. आश्चर्य म्हणजे त्या पन्नासांत कोणीही मला हिणवले नाही. दोघांनी मात्र आवाज खाली आणून सांगितले की तेही त्याच शोधात आहेत.

सातव्या मुलाखतीत जागा मिळाली. मुलाखत घेणारी अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने टेबलावर तीन नमुने ठेवले. मी हळकुंडे मोडली, वास घेतला, आणि एका नमुन्याचा रंग वरून चढवलेला आहे, असे सांगितले. तिने प्रयोगशाळेचा अहवाल उलटून पाहिला, काही बोलली नाही. नंतर विचारले, "वयानं लहान माणसाच्या हाताखाली काम कराल?" मी म्हणालो, "ताई, तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या हाताखालीच काम केलंय." पगार माझ्या अपेक्षेहून कमी होता. शिल्लक महिने तीन उरले होते. मी होकार दिला. आरंभीचे काही दिवस हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवताना मान आपोआप खाली जात असे. आता जात नाही.

गेल्या महिन्यात थोरले बंधू घरी आले. चहा होईपर्यंत पावसाचे, बाजारभावाचे बोलत राहिले. मग म्हणाले, पुण्याला पुतण्याच्या कंपनीने माणसे कमी केली, त्यात तोही आहे. "तुझी ती वही जरा दे," ते म्हणाले, "आणि कोणाला बोलू नकोस." वही मी दिली. दुसऱ्या मागणीला मात्र होकार दिला नाही. ते गेल्यावर पुतण्याला फोन केला, त्याची परवानगी घेतली, आणि त्याच रात्री सर्वप्रथम त्या वाहतूकदारांना फोन लावला.