कालपर्यंतचं सुरक्षित

नव्वदच्या दशकात रत्नागिरीतल्या बँकांमध्ये लेजरांच्या जागी संगणक येऊ लागले, तेव्हाच्या संध्याकाळी मला फार आठवतात. काउंटर बंद झालं, रोजकीर्द जुळली, डे-एंड झाला की बॅकअपची टेप भरायची. तिच्यावर तारीख घालायची, रजिस्टरात सही करायची आणि टेप दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवायची. मशीन बिघडलंच तर कालपर्यंतचं सुरक्षित. आजचं काम व्हाउचरांच्या गठ्ठ्यावरून पुन्हा चढवायचं. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचा, तिसऱ्याने टिक करायची. बाहेर आषाढ कोसळत असायचा आणि जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

आता शाखेत सर्व्हरच नसतो. दूरच्या डेटा सेंटरमध्ये व्हर्च्युअल मशीन चालतात आणि त्यांतला प्रत्येक बदल दुसऱ्या शहरातल्या डीआर साइटवर, म्हणजे आपत्तीसाठी राखलेल्या पर्यायी केंद्रावर, उतरत राहतो. तिथली प्रत फार तर किती मागे राहिलेली चालेल, त्या मर्यादेला आरपीओ म्हणतात. आमचा आरपीओ एक दिवसाचा होता. आता तो काही मिनिटांवर आला आहे. मर्यादा ओलांडली की अलार्म येतो.

प्रत मागे पडते आहे, एवढंच तो सांगतो. तासाला 20 जीबी बदल होत असतील, तर सेकंदाला साधारण 45 मेगाबिटची लाइन लागते. ती 30 ची असेल, तर तासाला साडेसहा जीबी साचत जातात. तिमाहीअखेर व्याज लावताना आलेला अलार्म पहाटेपर्यंत निवळला, तर काळजी नको. पण काम रोजचंच आणि अंतर मात्र वाढतंय, तर लाइन आणि पलीकडची डिस्क तपासायलाच हवी. मर्यादा वाढवून अलार्म गप्प करणं घातक आहे.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, ते पाणी रात्रीतून चढलं होतं. असं संकट डेटा सेंटरवर आलं, तर मागे राहिलेल्या मिनिटांतलं काम चढवायला आता कागदाचा गठ्ठा नाही. मासळीबाजारात यूपीआयने दिलेल्या पैशांचं व्हाउचर शाखेत येत नाही. इतर यंत्रणांच्या नोंदींशी एकेक व्यवहार जुळवत बसावं लागतं. म्हणून कोकणात आगोटीची बेगमी जशी मे महिन्यातच होते, तसाच वर्षभराच्या अलार्मचा आलेख तेव्हाच पाहावा, लाइन वाढवून घ्यावी आणि डीआरची प्रत एकदा प्रत्यक्ष चालवून बघावी.