भावाच्या मागोमाग शिलाँगला

मे महिन्याची सुट्टी म्हणजे माहेर, आमरस आणि दुपारची झोप, हे आपलं सगळ्यांचंच ठरलेलं. यंदा मात्र माझ्या आईनंच मला मिरजेऐवजी पार गुवाहाटीला धाडलं. कारण माझा धाकटा भाऊ. बँकेच्या नोकरीसाठी चार वर्षांपूर्वी तो तिकडे गेला. वय एकतीस, लग्नाचं नाव काढू देत नाही, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी मिळाली की शिलाँग गाठून गिटारवाल्या पोरांची गाणी ऐकत बसतो, ही बातमी आईच्या कानावर आली होती. "नुसता पैसा उडवतोय की आणखी काही आहे, ते डोळ्यांनी बघून ये," असं तिनं मला बजावलं. ह्यांना रजा मिळाली, मुलीची शाळा बंद, माझे अर्धवेळ तासही संपलेले. निघालो.

गुवाहाटीहून शिलाँग सुमारे शंभर किलोमीटर. रस्ता घाटाचा, पण सुरेख. शिलाँगच्या अलीकडे उमियमचं विस्तीर्ण जलाशय लागतं. तिकडचे लोक त्याला बडापानी म्हणतात. शहर दीड हजार मीटर उंचीवर, म्हणजे मिरजेच्या उकाड्यातून गेलेल्या आम्हाला मे महिन्यात स्वेटर घालावे लागले! कधी जाणार असाल तर छत्री आणि गरम कपडे दोन्ही बरोबर ठेवा, बरं का. पाऊस तिथं विचारून येत नाही.

पहिल्या दिवशी बडा बाजार पाहिला. जिकडे पाहावं तिकडे दुकानावर बायका. अंगावर दोन्ही खांद्यांवर बांधलेलं जैनसेम, तोंडात पान-सुपारी आणि व्यवहार चोख. दुकानदारणीला 'काँग', म्हणजे ताई, म्हणायचं हे भावानं शिकवलं. खासी समाजात मुलांना आईच्या कुळाचं नाव मिळतं आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही तिचीच. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "तुमच्याकडे धाकट्यानं काय सांभाळलंय ते आज रात्री कळेलच!"

पण त्याआधी थोडं या गावच्या गाण्याविषयी. इतक्या लहान डोंगरी शहरात एवढे वादक-गायक आले कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. १८४१ साली वेल्सचे मिशनरी खासी टेकड्यांत आले. त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली आणि चर्चमधून चार स्वरपट्ट्यांत एकत्र गाण्याची रीत रुजवली. आपल्याकडे पोरं आरती ऐकत मोठी होतात, तशी तिथली ही समूहगीतं ऐकत होतात. नील नाँगकिन्री यांनी २००१ मध्ये उभा केलेला शिलाँग चेंबर क्वायर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. २०१० साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' त्यांनीच जिंकलं. नील २०२२ मध्ये गेले.

दुसरी परंपरा गिटारची. लू माजॉ नावाचे तिथले गायक. बॉब डिलन या अमेरिकन गायकाचा वाढदिवस, २४ मे, त्यांनी १९७२ पासून गाऊन साजरा करायला सुरुवात केली आणि पुढे पन्नास वर्षांवर तो नेम चालवला. मेघालय राज्य झालं तेही १९७२ च्या जानेवारीतच. म्हणजे राज्य आणि हा वाढदिवस एकाच वयाचे! आम्ही पोचलो २६ तारखेला. ह्यांची रजा दोन दिवस उशिरा मंजूर झाली होती, त्याचं भावाला आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. सोलमेट हा तिथलाच बँड, २००३ चा. रूडी वॉलांग यांची गिटार आणि टिप्रिती खारबंगार यांचा आवाज. २००७ मध्ये ते ब्लूज गाण्याच्या स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या मेम्फिसला जाऊन आले.

ही झाली नावाजलेली मंडळी. भाऊ आम्हाला घेऊन गेला ते बिननावाच्यांकडे. एका चढावरचं लहानसं कॅफे, बाहेर पाऊस, आत मोजून चाळीस माणसं. दारावर तिकिटाचे पैसे घेऊन हातावर शिक्का मारला. मी मनात म्हटलं, आता सिगारेटचा धूर आणि धिंगाणा. पण भाऊ कोपऱ्यात बसायचं सोडून सरळ पुढं गेला आणि वाद्यांच्या वायरी उलगडायला लागला. कुणी त्याला आग्रह केला नव्हता. तिथली पोरं त्याला नावानं ओळखत होती.

तीन बँड होते. पहिल्यानं कान किटले, खोटं कशाला सांगू? ह्यांनी तर रुमालाची घडी कानावर धरली. मुलगी मात्र पायानं ठेका धरून बसली होती. दुसऱ्या बँडमध्ये एक मुलगी गायला उभी राहिली. शेजारच्या मुलाच्या हाती दुइतारा, म्हणजे खासी लोकांचं लाकडी तंतुवाद्य. गाणं खासी भाषेतलं. मला एक शब्द कळला नाही, पण आवाज असा स्वच्छ की ह्यांचा रुमाल खाली आला. माझा भाऊ ओठांनी तिच्याबरोबर शब्द म्हणत होता. हे गाणं अजून ध्वनिमुद्रितही झालेलं नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. इतक्यांदा येऊन ऐकलं म्हणून पाठ झालं!

मध्यंतरात लाल चहा पिताना मी मास्तरणीच्या सवयीनं त्या मुलीला विचारलंच, "यावर पोट भरतं का?" ती हसली. दिवसा शाळेत शिकवते म्हणाली, माझ्यासारखीच. तिच्याकडून एक गोष्ट कळली. हॉटेलात, लग्नाच्या मेजवानीत गायला बोलावतात ते ओळखीची, गाजलेली इंग्रजी गाणी ऐकायला. त्याचे पैसे बरे मिळतात. स्वतः केलेलं नवं गाणं तिथं कुणाला नको असतं. ते गायचं तर असं छोटं कॅफे आणि पदरचे पैसे देऊन मुद्दाम आलेली माणसं लागतात. तिकिटाच्या पैशांतून वाद्यांचं भाडं आणि गाडीखर्च कसाबसा निघतो. अलीकडे राज्य सरकारनंही स्थानिक कलावंतांना मानधन देऊन चौकाचौकांत गायला बोलावण्याची योजना काढली. पण नवं गाणं पहिल्यांदा म्हटलं आणि समोर कुणी नसलं, तर दुसऱ्यांदा म्हणायचा धीर होत नाही, असं ती म्हणाली.

मैत्रिणींनो, तेव्हा मला आमचे आप्पा आठवले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात तिथं रात्र-रात्र गाणं होतं. आप्पा कारकून. गाणं येत नव्हतं, पेटीवर सा कुठला तेही सांगता आलं नसतं. पण उरुसाला सतरंजी काखेत मारून निघायचे ते पहाटेच परतायचे. बरोबर दोन-तीन मित्र. आई उठून त्यांना पिठलं-भाकरी करून वाढायची. कुरकुर करायची, पण स्टोव्ह पेटवायचीच. आप्पा पैसा उडवतात असं ती कधी म्हणाली नाही.

परतताना गाडीत भावाला मी म्हटलं, "आईनं मला तुझी चौकशी करायला पाठवलंय."

"ठाऊक आहे, ताई," तो म्हणाला. "म्हणून तर तुला घेऊन आलो. आणि लग्न करीन गं. फक्त मुलगी अशी हवी, जिला शनिवारी माझ्याबरोबर यावंसं वाटेल. नाही आली तरी चालेल, पण मला लपून जावं लागू नये."

यावर मला काही बोलता आलं नाही. आपल्यापैकी कितीजणींनी लग्नानंतर आपली आवड अशी बोलून दाखवली असेल? मी तरी नाही. मिरजेत वाढून, सासरी आल्यापासून मी एकाही मैफलीला गेलेली नाही. कुणी अडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. व्यसन नाही, भलती संगत नाही, पैसे जातात ते तिकिटाला आणि गाडीला, हे सगळं सविस्तर सांगितलं. मग म्हटलं, "आप्पा उरुसाला जायचे ना, तसंच आहे ते. फक्त सतरंजी नाही."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"आणि गाणं संपल्यावर," आईनं विचारलं, "त्या पोरांना रात्री जेवायला कोण घालतं गं?"