वाऱ्याचं माप

वाऱ्या आमच्याकडे आला तो डालग्यातून. लातूरकडच्या मामाने एसटीच्या मागच्या बाकाखाली डालगं सरकवलं आणि पुण्यापर्यंत आत कोंबड्याच आहेत असा चेहरा ठेवला. वरचं फडकं काढलं तर आत दीड महिन्याचं कारवानी पिल्लू. तोंड निमुळतं, पोट खपाटीला आणि बाकी सगळे पायच पाय.

पिंजरा आणायचं ठरलं तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "मुक्या जनावराला तुरुंगात घालतोस होय रे?" दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, मोठा झाल्यावर वजन किती होईल? २६-२७ किलो, मी म्हणालो. "मग लॅबचा न्या, ४२ इंची." जात विचारून त्याने "म्हणजे गावठीच ना" अशी मान हलवली. तेव्हा बाबांनी त्याला ऐकवलं, की २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यातला मुधोळ म्हणजे याचाच भाऊबंद. दुकानदारावर परिणाम शून्य. पिंजरा मात्र आम्ही घेतला.

पिल्लाला एवढी ऐसपैस जागा दिली की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकतं. म्हणून आत मधली जाळी लावायची आणि पिल्लू वाढेल तशी मागे सरकवत न्यायची. आम्ही दर पंधरवड्याला सरकवत होतो. सातव्या महिन्यात जाळी पार काढूनच ठेवली आणि दहाव्या महिन्यात वाऱ्या आत मान खाली घालून उभा राहू लागला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. पिंजऱ्याची उंची ७६ सेंटिमीटर, याचं डोकं ८४ ला. वजन लॅबएवढं होतं, पण लॅब म्हणजे भरलेलं पोतं आणि हा म्हणजे उभी शिडी. कुत्र्याचा पिंजरा किलोवर घ्यायचा नसतो हे मला कळलं, पण पैसे मोजून झाल्यावर.

तेवढ्यात माझी बदली दिल्लीला झाली. विमानाच्या पेटीचं माप मात्र आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, ठरवून दिलेलं आहे आणि त्यात वजनाचा संबंध नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यायची, तिच्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, की पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कान, जे वर असेल ते, अधिक अंथरूण, म्हणजे उंची.

मिस्त्री टेप घेऊन आले. "कोपर कुठं असतंय ओ कुत्र्याला?" पुढच्या पायाचा, छातीशी टेकलेला सांधा दाखवला. वाऱ्याला वाटलं लाड चाललेत. तो मिस्त्रींच्या मांडीला टेकून उभा राहिला आणि प्रत्येक माप दोनदा घ्यावं लागलं. ९२ अधिक १९, म्हणजे १११ लांबी. खांदे २२, म्हणजे ४४ रुंदी. आम्ही ५० धरली. उंची ९०.

"इतकी अरुंद? हे वळणार कसं आत?"

मी आणखी रुंद करायला तयार नव्हतो. फार मोकळी पेटी असली की हिसक्याला कुत्रं आत आपटतं, शिवाय आमच्या जिन्याचं वळणही आड येत होतं. वाऱ्याने उत्तर स्वतःच दिलं. खडूने आखलेल्या चौकटीत तो शिरला आणि स्वल्पविरामासारखा दुमडून नाक शेपटीला लावत बाहेर आला. मिस्त्री हसले आणि प्लायवूड कापायला बसले. चारही बाजूंना हवेची भोकं, पण पंजा बाहेर येणार नाही एवढीच. दाराला लोखंडी जाळी आणि कडी, पाण्याचं भांडं आत अडकवलेलं पण बाहेरून भरता येणारं. अंथरुणाला आईनेच, त्याच तुरुंगवाल्या आईने, आजीची गोधडी दिली. या कुत्र्यांच्या अंगावर मांस नसतं, हाडं थेट फळीला लागतात.

महिनाभर दार उघडं ठेवून जेवण आतच दिलं. झोपेची गोळी द्यायची का, असं डॉक्टरांना विचारलं तर ते ठाम नाही म्हणाले; गुंगीत तोल जातो, रक्तदाब उतरतो. विमानतळावर तोलली तेव्हा पेटी कुत्र्यापेक्षा जड भरली. दिल्लीला दार उघडलं, तर हा झोपेतून उठून जांभई देतोय.

पुढे तीच त्याची खोली झाली. दिवाळीत पहिला फटाका वाजला की तो आपणहून आत जायचा. सहा वर्षांनी पुण्याला परतलो तेव्हा टेम्पोत पहिली पेटी चढली.

अकराव्या वर्षी त्याची पाठ आखडली. आत जायचा, पण वळता येईना. मग उलटा, मागचे पाय चाचपडत, कडांना घासत बाहेर यायचा. मांडीवरचे केस गेले. नवी रुंद पेटी आणली, त्याने हुंगलीसुद्धा नाही.

मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, म्हणाले, "ह्याला वळवायचंच कशाला?" आणि मागची फळी करवतीने अख्खी कापून काढली, कडा पॉलिशपेपरने घासल्या. वाऱ्या दारातून आत गेला, थोडा थांबला आणि पलीकडून तोंड पुढे करून बाहेर आला. आमच्याकडे बघितलं. मग हळूहळू पेटीला वळसा घालून परत दारातून आत शिरला. त्या संध्याकाळी चार वेळा.