भार आणि त्याची जागा

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची ट्रेलरची छायाचित्रे पोचली. डेन्व्हरहून निघावे, पर्वतरांग ओलांडून मोआबच्या लाल खडकांत मुलांना घेऊन काही दिवस राहावे, आणि त्यासाठी ट्रेलरच्या छपरावर तंबू, पाठीमागे सायकली, पुढे दांडीवर बॅटरीची पेटी व पोटात वीस गॅलन पाणी अशी बेगमी करावी, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. आणि आवडला म्हणूनच, तू लोखंड कापावयास घेण्यापूर्वी, काही गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे वाटले. कोणती वस्तू कोठे मावेल याचा विचार तुझ्या पत्रात फार बारकाईने केलेला आहे. वजनाचा उल्लेख मात्र रिकाम्या ट्रेलरपुरताच आला आहे, आणि माझी सारी नोकरी वाहनांचे सांगाडे आखण्यात गेलेली असल्यामुळे माझी नजर नेमकी तेथेच अडली.

ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या भागात, कारखान्याने चिकटविलेले एक लहानसे लेबल असते. ट्रेलर आणि त्यातील सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन व्हावे याची मंजुरी त्यावर लिहिलेली असते, आणि तुझ्या छायाचित्रात ती २,००० पौंड अशी स्पष्ट वाचता येते. रिकाम्या ट्रेलरचे वजन तू १,४०० पौंड कळविले आहेस. म्हणजे सामानासाठी उरले ते अवघे ६०० पौंड. आता तुझ्याच यादीतील जिनसांचा तपशील मांडून पाहू. छपरावरचा तंबू १३० पौंडांचा आणि त्याला पेलणारी चौकट सुमारे ८०; सायकली व त्यांचे स्टँड मिळून ९०; पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंड भरतो, तेव्हा वीस गॅलनांचे १६७, प्रोपेनचे लहान सिलिंडर भरल्यावर ३७, बॅटरी ६०, आणि खाद्यपदार्थांसह फ्रिज ८०. ही बेरीज ६४४ होते, आणि तीत अजून कपडे नाहीत, हत्यारे नाहीत, अंथरुणे-पांघरुणे नाहीत. एकेक जिन्नस हातात उचलून पाहिली तर जड वाटत नाही, आणि वजन नकळत वाढते ते याच कारणाने.

कमानपाट्यांत आणखी एक पाटा घातला म्हणजे ट्रेलर हे सारे पेलील, असे तुला वेल्डिंगवाल्याने सांगितल्याचे लिहितोस. जादा पाट्याने ट्रेलर कमी दबेल, एवढेच. त्याची शक्ती त्यामुळे वाढत नाही. भार साटीवरून पाट्यांत, पाट्यांतून आसात, आसातून बेअरिंगांत, तेथून चाकांत आणि शेवटी टायरमध्ये उतरतो, आणि या मार्गातील जो घटक सर्वांत दुबळा, त्याची मर्यादा तीच साऱ्या ट्रेलरची मर्यादा ठरते. टायरचेच उदाहरण घे : तेरा इंची चाकावरचा ट्रेलरचा नेहमीचा टायर ‘सी’ प्रतीचा असेल तर ५० पौंड दाबाची हवा भरल्यावर १,३६० पौंड वाहतो, आणि तोच बाहेरून हुबेहूब दिसणारा ‘बी’ प्रतीचा असेल तर ३५ पौंड हवेवर १,१०० पौंडच वाहतो, हवा कमी असली तर ही क्षमताही राहत नाही आणि टायर आतून तापत जातो. खरोखरच अधिक वजन न्यावयाचे असेल तर आस, हब, ब्रेक, चाके आणि टायर यांचा सारा सरंजाम एकदम ३,५०० पौंडी जातीचा बसवावा लागेल, त्यावरचा सांगाडा तपासावा लागेल, आणि इतके करूनही लेबलावरचा आकडा आपोआप बदलणार नाही. तुझ्या बेतासाठी त्याची आवश्यकता मला दिसत नाही.

वजन किती, हा झाला पहिला हिशेब. ते कोठे, हा त्याहून महत्त्वाचा. आजोळी बैलगाडी भरताना तू पाहिली आहेस. कडब्याच्या पेंढ्या मागे जास्त पडल्या तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त पडल्या तर ती धुरजड होऊन त्यांच्या मानेवर बसते. आणि म्हणून जाणता गाडीवान माल आसाच्या किंचित पुढे राहील असा रचून, जुवाला हात घालून ते एकदा उचलून पाहतो. एकाच आसावर तोललेल्या तुझ्या ट्रेलरचे गणित अक्षरशः तेच आहे. अमेरिकेत रूढ असलेला दंडक असा, की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार मोटारीच्या हिचवर पडावा. तुझ्या बाबतीत तो २०० ते ३०० पौंड होईल. आता पाठीमागच्या सायकलींकडे पाहा. आसाच्या मागे सहा फुटांवर टांगलेले ९० पौंड, आसापासून नऊ फुटांवर असलेल्या हिचवरील भार ६० पौंडांनी कमी करतात, आणि २०० पौंडांचे १४० झाले की तू दहा टक्क्यांवरून सातांवर येतोस. तुझ्या ट्रेलरसारख्या अश्रुबिंदूच्या आकाराच्या ट्रेलरांत स्वयंपाकाची फळी पूर्वीपासूनच शेपटाकडे आहे. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने घरी बांधण्यासाठी त्याचा आराखडा छापला तेव्हा दोन माणसांची झोप आणि शेपटाकडचे छोटे स्वयंपाकघर एवढाच त्याचा संसार होता. त्या शेपटावर आणखी भार टांगणे मला मुळीच पसंत नाही.

पुढे दांडीवर तितकेच वजन ठेवून मागचे वजन तोलता येईल, असा युक्तिवाद तू करशील. हिचवरील आकडा त्याने जुळेल, हे खरे. पण ट्रेलरचे चालीतील वर्तन बिघडेल, कारण कोणत्याही वजनाचे ट्रेलरला वळविण्याविरुद्धचे जडत्व त्याच्या आसापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहा फुटांवरचे ९० पौंड या दृष्टीने तीन फुटांवरच्या ३६० पौंडांइतके असतात. बाजूने वारा आला किंवा एखादा मालट्रक जवळून गेला की ट्रेलर किंचित झुलतो. वेग बेताचा असेल तर तो झोका टायरांच्या पकडीमुळे दोन-तीन हेलकाव्यांत विरतो, वेग वाढत जातो तसा विरण्याचा काळ लांबतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका मागच्याहून मोठा होऊ लागतो. दोन्ही टोके जड असलेल्या ट्रेलरची ही मर्यादा अलीकडेच येते. इंग्लंडातील बाथ विद्यापीठात मोटार व ट्रेलर यांच्या स्थैर्यावर जे प्रयोग झाले, त्यांतही ट्रेलरचे हे जडत्व, हिचवरील भार आणि आसाची जागा यांचा प्रभाव ठळकपणे दिसून आला. तुझा मार्ग आयसेनहॉवर बोगद्यातून जातो. ११,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या त्या बोगद्यातून बाहेर पडताच सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार सुरू होतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी तेथे रस्त्यालगत चढणीचे फाटे मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. अशा उतारावर वेग आपोआप वाढतो, मागून ट्रेलर ढकलीत असतो, आणि झोका सुरू व्हावयास याहून प्रतिकूल जागा नाही. सुरू झालाच तर सुकाणू उलटसुलट फिरवू नये, मोटारीचा ब्रेक जोराने दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक हाताच्या खटक्याने हलके लावावेत. ट्रेलरला ब्रेक असणे पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांपासून आणि कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून सक्तीचे आहे. कायद्याने मुभा दिली असली तरी मुलांना घेऊन ब्रेकांवाचून त्या उतारावर जाऊ नकोस, हे मी आग्रहाने सांगतो.

छपरावरच्या तंबूविषयी माझे मत आणखी स्पष्ट आहे. चौकटीसह २१० पौंड सहा फूट उंचीवर चढविले तर साऱ्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य सुमारे साडेचार इंचांनी वर सरकतो, आणि आडव्या वाऱ्याला एक मोठे अंग मिळते. तरीही तो हवाच असेल तर त्याची चौकट प्लायवुडच्या भिंतींवर बसवू नकोस. चार खांब थेट खालच्या सांगाड्यापर्यंत उतरव. त्यासाठी भोके पाडताना नळीच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागाला हात लावू नये, कारण वाकण्याचा ताण तेथेच सर्वांत अधिक असतो. भोक पाडावयाचेच तर ते बाजूच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, आणि शक्य तेथे भोकाऐवजी यू-बोल्ट व जाड पट्टी यांनीच नळी कवटाळावी. दांडी जेथे साटीखालून बाहेर पडते तो सांधा तू मला जवळून दाखविला नाहीस. तेथे गुडघ्यावर बसून, ओल्या फडक्याने चिखल पुसून, विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहा : वेल्डिंगच्या कडेला, नळीच्या खालच्या अंगाने, केसासारखी तांबूस रेघ दिसली आणि तिच्यावरचा रंग फुगलेला असला, तर तो वरवरचा गंज नसून चीर असण्याचा संभव फार, आणि तिची दुरुस्ती होईपर्यंत दांडीवर बॅटरीची पेटी तर नाहीच, ट्रेलर घराबाहेर काढण्याचीही परवानगी मी देणार नाही.

मी स्वतः ही रचना कशी करीन ते आता लिहितो. पाण्याची टाकी साटीखाली, आसाच्या जवळ, आत आडपडदे असलेली. म्हणजे पाणी हिंदकळणार नाही आणि ते संपत गेले तरी हिचवरील भार फारसा हलणार नाही. वीस गॅलन डेन्व्हरहून वाहण्याचे कारणही नाही. मोआबच्या गावातच टाकी भरावी, आणि डोंगर चढता-उतरताना १६७ पौंड वाचवावेत. बॅटरी दांडीवर न ठेवता पलंगाखाली, आसाच्या किंचित पुढे. फ्रिज मोटारीत. सायकली मोटारीच्या छपरावर. मात्र हिचवरील भार मोटारीच्या स्वतःच्या क्षमतेतून वजा होतो, आणि तुम्ही चौघे व सायकली यांचे वजनही त्याच हिशेबात धरावे लागते, तेव्हा चालकाच्या दारावरचे लेबल वाचून मगच निर्णय घे. तंबू जमिनीवर उभारावयाचा घेतलास तर छपराचा प्रश्नच मिटतो.

एवढे ठरले की ट्रेलर भरून जवळच्या ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर ने. आयोवातल्या वॉलकॉट गावी १९७७ साली सुरू झालेल्या कॅट स्केल कंपनीचे काटे महामार्गांवर जागोजागी आहेत आणि मोटार व ट्रेलर यांच्या आसांचे वजन ते वेगवेगळे छापून देतात. हिचवरील भार मात्र घरीच न्हाणीघरातल्या काट्यावर मोजता येतो : फळीचे एक टोक विटेवर, तेथून तीन फुटांवर काटा, आणि विटेपासून एक फुटावर दांडीचे टोक टेकव, काटा दाखवील त्याची तिप्पट म्हणजे खरा भार, फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करून. हे आकडे, टायरच्या कडेवरची अक्षरे आणि दांडीच्या नळीची उंची व जाडी मला कळव. ती हाती आली की टाकीच्या आधारपट्ट्यांचा नकाशा मी आठवडाभरात काढून धाडतो, आणि तोपर्यंत वेल्डिंगवाल्याला थांबावयास सांग.

चि. सौ. भाचेसुनेस व मुलांस आशीर्वाद सांगणे. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा